टेस्टमधला मॉक डेटा टाइपस्क्रिप्टमध्ये टाइप-सेफ कसा ठेवता?

सांगलीकर_फ्रंटएंड

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे पण पूर्ण वाचा प्लीज, यावरून आमच्या टीममध्ये दोन आठवडे वाद चाललाय आणि बरोबर पद्धत कुठली ते मला खरंच कळत नाहीये.

आम्ही छोट्या दुकानदारांसाठी जीएसटी बिलिंगचं ॲप करतो. रिॲक्ट, टाइपस्क्रिप्ट (म्हणजे टाइप तपासणारं जावास्क्रिप्ट), स्ट्रिक्ट मोड चालू, टेस्ट व्हीटेस्ट या टूलवर. आमचा इन्व्हॉइस नावाचा टाइप आहे त्यात ३४ फील्ड्स आहेत, आणि आत ग्राहक, विक्रेता, मालाच्या ओळी असे आणखी टाइप. आता प्रत्येक टेस्टमध्ये ३४ फील्ड्स कोण भरत बसणार, म्हणून आमच्याकडे सगळे काय करतात तर त्या टेस्टला लागतील तेवढी दोन-तीन फील्ड्स लिहायची आणि पुढे "ॲज इन्व्हॉइस" लावून मोकळं व्हायचं. मीही दीड वर्ष तेच करत आलोय.

मागच्या महिन्यात काय झालं ते सांगतो. सर्व्हरकडून दोन नवीन फील्ड्स यायला लागली, पुरवठ्याचं ठिकाण आणि विक्रेत्याचं राज्य. दोन्ही एकच असतील तर राज्यातल्या राज्यात विक्री, म्हणजे कर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी असा अर्धा अर्धा, आणि वेगळी असतील तर सगळा आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी. मी कोडमध्ये सरळ दोन्हींची तुलना केली. टाइपमध्ये दोन्ही स्ट्रिंग, त्यामुळे कंपाइलरची काही तक्रार नाही. ६४० टेस्ट, सगळ्या हिरव्या. पीआर मर्ज झाला, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये गेला. प्रॉडवर, म्हणजे दुकानदारांच्या खऱ्या वापरात, गेल्यावर पुण्यातल्या दुकानदाराने पुण्यातल्याच गिऱ्हाइकाला केलेल्या बिलावर आयजीएसटी १८ टक्के, खरं तर ९ आणि ९ यायला हवे होते. कारण पुरवठ्याच्या ठिकाणात सर्व्हर "२७" पाठवत होता, म्हणजे महाराष्ट्राचा जीएसटीमधला राज्य कोड, आणि विक्रेत्याच्या राज्यात "एमएच". हे दोन कधी जुळणारच नव्हते. १०,००० च्या मालावर एकूण ११,८०० दोन्ही प्रकारे तेवढेच येतात, त्यामुळे एकूण रक्कम तपासणाऱ्या टेस्टही पास आणि दुकानदारालाही काही खटकलं नाही. तीन दिवसांनी एका गिऱ्हाइकाच्या सीएचा फोन आला तेव्हा कळलं. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरायच्या आधी सापडलं म्हणून निभावलं, पण ८० च्या वर बिलं दुरुस्त करायला लागली. त्यातले एक काका स्वतः कॉम्प्युटरवर बसत नाहीत, त्यांच्या मुलीने रात्री जागून केली. मला फार वाईट वाटलं.

आणि टेस्ट पास का होत होत्या? तर "ॲज" मुळे मॉकमध्ये (टेस्टसाठी बनवलेल्या खोट्या डेटात) ही दोन फील्ड्स नव्हतीच. अनडिफाइन्ड (म्हणजे व्हॅल्यूच नाही) आणि अनडिफाइन्ड, दोन्ही सारखे, म्हणजे एकच राज्य. गोव्याच्या गिऱ्हाइकाची एक टेस्ट होती, तिच्यात मीच पुरवठ्याचं ठिकाण "३०" लिहिलं होतं आणि विक्रेत्याचं राज्य लिहिलंच नव्हतं, त्यामुळे ती पण पास.

आता विचारायचं आहे ते हे. सगळीकडे ३४ फील्ड्स भरणं हाच उपाय आहे का? पार्शल वापरलं तर चालतं का, का ते पण "ॲज" चंच भावंड आहे? आणि आमच्या लीडचं म्हणणं आहे की टेस्टमध्ये टाइपचं एवढं काय, टेस्ट आपण चालवून बघतोच ना. मला ते पटत नाही पण नीट उत्तर देता येत नाहीये.

(सिस्टिम देवनागरी मोडवर आहे म्हणून कोड पण देवनागरीतच लिहितोय, समजून घ्या.)

टेस्टवाली_नाशिक

आधी लीडच्या मुद्द्याचं बोलू. टेस्ट चालवून बघतो हे खरं, पण टेस्ट ज्या डेटावर चालते तो डेटा खरा आहे का हे टेस्ट स्वतः सांगू शकत नाही. ते सांगणारा एकच साक्षीदार आहे, कंपायलर, आणि "ॲज" लिहून तुम्ही त्यालाच कोर्टाबाहेर बसवलंत. "ॲज इन्व्हॉइस" म्हणजे कंपायलरला सांगणं की मला माहितीये हे इन्व्हॉइस आहे, तू बघू नकोस. तो थोडंफार बघतो, म्हणजे स्ट्रिंगला इन्व्हॉइस म्हणालात तर ओरडतो, पण रिकामा कंस लिहून "ॲज इन्व्हॉइस" म्हणालात तर मुकाट्याने मान्य करतो. करून बघा, एकही एरर येत नाही.

आता उपाय. ३४ फील्ड्स भरायची, पण एकदाच, एका ठिकाणी. एक फंक्शन करा (अशा फंक्शनला फॅक्टरी म्हणतात), नाव काहीही द्या, आमच्याकडे "बनवाइन्व्हॉइस" म्हणतात. ते एकच गोष्ट घेतं, पार्शल इन्व्हॉइस, म्हणजे ज्यात कुठलंही फील्ड असलं तरी चालेल नसलं तरी चालेल. परत काय देतं तर पूर्ण इन्व्हॉइस, आणि हा रिटर्न टाइप हाताने लिहायचा, टाळायचा नाही. आत पूर्ण ३४ फील्ड्सचा एक ऑब्जेक्ट, आणि शेवटी तीन टिंबं देऊन आलेले बदल त्यावर पसरायचे. बस. कुठेही "ॲज" नाही. उद्या टाइपमध्ये ३५ वं फील्ड आलं की हे एक फंक्शन कंपाइल व्हायचं थांबतं, तुम्ही तिथे ते फील्ड भरता, आणि सगळ्या टेस्टना ते आपोआप मिळतं.

म्हणजे पार्शल वाईट नाही, ते कुठे वापरता त्यावर आहे. फॅक्टरीच्या दारात आत येताना पार्शल असू दे, बाहेर पडताना पूर्ण टाइप हवा. तुम्ही पार्शल तसंच कंपोनंटला द्यायला गेलात तर कंपायलर नाही म्हणेल आणि मग परत "ॲज" लावाल.

आता तुमच्या केसमध्ये यातून काय झालं असतं ते बघा, कारण मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फॅक्टरीत डीफॉल्ट भरताना तुम्हाला विक्रेत्याचं राज्य काहीतरी लिहावंच लागलं असतं. काय लिहायचं म्हणून तुम्ही सर्व्हरचा खरा रिस्पॉन्स उघडला असता, आणि तिथे "एमएच" दिसलं असतं, दोन ओळी वर "२७" दिसलं असतं. टेस्ट चालवायच्या आधीच चूक डोळ्यासमोर होती. आणि नाही दिसली तरी साध्या पुणे-पुणे बिलाची टेस्ट पडली असती.

म्हणून डीफॉल्ट डेटा भरताना "टेस्ट१२३", "अबक" असलं काही भरू नका. खऱ्यासारखा भरा. जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक) १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची १० अक्षरं पॅनची, तेराव्या जागी त्याच पॅनवर त्या राज्यात घेतलेल्या नोंदणीचा क्रमांक, मग झेड, आणि शेवटी तपासणी अक्षर. डीफॉल्ट ग्राहक महाराष्ट्राचा असेल तर त्याचा नंबर २७ नेच सुरू झाला पाहिजे, नाहीतर एकाच ऑब्जेक्टची दोन फील्ड्स एकमेकांशी भांडतात आणि ते कुठलाही टाइप पकडत नाही. आणि डीफॉल्ट बिल अगदी साधं ठेवा, एक ओळ, एक ग्राहक, सूट नाही, परतावा नाही. टेस्ट ज्या गोष्टीबद्दल आहे तेवढीच गोष्ट टेस्टमध्ये लिहायची. "बनवाइन्व्हॉइस, पुरवठ्याचं ठिकाण ३०" एवढं वाचलं की वाचणाऱ्याला कळतं की ही गोव्याची टेस्ट आहे, बाकी ३३ फील्ड्स त्याच्या वाटेत येत नाहीत.

आतल्या ग्राहकासाठी वेगळी फॅक्टरी, मालाच्या ओळीसाठी वेगळी. सगळं खोलवर पार्शल करून मर्ज करण्याचा मोह होतो, मीही केलंय, पण ॲरे आले की कुठली ओळ कशावर पसरली ते कोणालाच कळत नाही. साधं ठेवलंत तर बाहेरच्या फॅक्टरीला ग्राहक द्यायचा म्हणजे पूर्ण ग्राहकच द्यावा लागतो, अर्धा दिला की कंपायलर अडवतो, आणि पूर्ण ग्राहक बनवायला "बनवाग्राहक" आहेच.

कोडकट्टा_पुणे

ताईंनी सगळं सांगितलंय, पण एक गोष्ट राहिली आणि ती आधी बघा नाहीतर वरचं सगळं वाया जाईल. व्हीटेस्ट टाइप तपासत नाही. तो टेस्ट फाइलमधले टाइप पुसून टाकतो आणि उरलेलं जावास्क्रिप्ट चालवतो. फॅक्टरीत एक फील्ड कमी आहे, एडिटरमध्ये लाल रेघ आहे, तरी टेस्ट हिरवी. जेस्ट (दुसरं टेस्ट टूल) बेबलवर असेल तर तेच. टीएस-जेस्ट तपासतो, पण त्यात आयसोलेटेड मॉड्यूल्स चालू केलं असेल (वेगासाठी बरेच जण करतात) तर तो पण नाही.

म्हणून सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) "टीएससी नोएमिट", म्हणजे कंपायलरने नुसते टाइप तपासायचे, अशी वेगळी पायरी पाहिजे. आणि टीएसकॉन्फिग (कंपायलरच्या सेटिंगची फाइल) उघडून एक्स्क्लूड बघा. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये टेस्ट फाइल्स बिल्डमध्ये जाऊ नयेत म्हणून तिथून वगळलेल्या असतात, आणि मग टीएससी पण त्यांच्याकडे बघत नाही. दोन कॉन्फिग करा, एक बिल्डला, एक तपासणीला ज्यात टेस्ट आहेत.

सांगलीकर_फ्रंटएंड

@कोडकट्टा_पुणे आत्ता बघितलं. एक्स्क्लूडमध्ये टेस्ट फाइल्स आहेत. काढून टीएससी चालवला तर २१२ एरर. म्हणजे दीड वर्षात आमच्या टेस्टचे टाइप कोणीच कधी तपासले नाहीत 😔

त्यातल्या बऱ्याच अशा आहेत की टेस्टमध्ये जुन्या नावाचं फील्ड आहे, टाइपमध्ये ते नाव बदललंय. आणि टेस्ट पासच होत होती.

जावा_ठाणे

मी जावावाला, टाइपस्क्रिप्ट कामापुरतं येतं, पण हे दुखणं आमच्याकडे पण आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे लोक मॉकिटो नावाची लायब्ररी वापरून डेटा क्लासच मॉक करतात. मॉक इन्व्हॉइस बनवायचं, दोन गेटर्सना (फील्ड वाचून देणाऱ्या मेथड्सना) काय परत द्यायचं ते सांगायचं. कंपाइल होतं, टाइप पण बरोबर. पण ज्या गेटरला काही सांगितलं नाही तो नल देतो, आकडा असेल तर शून्य, लिस्ट असेल तर रिकामी लिस्ट. सगळ्यात वाईट ते शून्य आणि रिकामी लिस्ट, कारण नल निदान फुटतो, शून्य फुटत नाही, बेरजेत गुपचूप बसतो. तुमच्या अनडिफाइन्ड बरोबर अनडिफाइन्डसारखंच.

म्हणून आमच्या टीमचा नियम सरळ आहे, डेटा मॉक करायचा नाही, डेटा बनवायचा. मॉक करायचं ते बाहेरच्या जगाशी बोलणारं, डेटाबेस, पेमेंट गेटवे, ईमेल. बिल हे बिल आहे, ते खरंच बनवता येतं तर खोटं कशाला? फॅक्टरीची ही कल्पना पण नवीन नाही, आमच्याकडे तयार नमुने ठेवण्याला ऑब्जेक्ट मदर म्हणतात आणि थोडं थोडं बदलून बनवायच्या पद्धतीला टेस्ट डेटा बिल्डर. कोटलिनमध्ये तर डेटा क्लासला कॉपी नावाचं फंक्शन आयतंच मिळतं, एक नमुना ठेवा आणि हवं ते फील्ड बदलून कॉपी घ्या, टाइप आपोआप सांभाळला जातो.

बंगळुरूकर_मराठी

थोडं वेगळं मत मांडतो. आमची तीन जणांची टीम, रोज टाइप बदलतात, प्रत्येक टाइपला फॅक्टरी सांभाळणं जड जातं. आम्ही शूहॉर्न नावाची छोटी लायब्ररी वापरतो, त्यात फ्रॉमपार्शल आहे. अर्धा ऑब्जेक्ट द्या, ते पूर्ण टाइप असल्यासारखं पुढे पाठवतं, पण जी फील्ड्स तुम्ही लिहिली त्यांची नावं आणि टाइप तपासतं. नुसत्या "ॲज" पेक्षा बरंच बरं. आणि मोठ्या सर्व्हिस असतील तर व्हीटेस्ट-मॉक-एक्स्टेंडेड, त्यात "मॉक" ला टाइप दिला की सगळी मेथड्स तयार मिळतात. सगळ्यांनीच एवढं काटेकोर व्हायची गरज आहे असं मला वाटत नाही.

टेस्टवाली_नाशिक

@बंगळुरूकर_मराठी फ्रॉमपार्शल "ॲज" पेक्षा बरं हे मान्य, पण सांगलीकरांचा बग त्यातून सुटला नसता हे लक्षात घ्या. त्यांनी लिहिलेली फील्ड्स बरोबरच होती, न लिहिलेल्या फील्ड्सनी घात केला. आणि फ्रॉमपार्शल न लिहिलेल्यांबद्दल काहीच बोलत नाही.

मॉक-एक्स्टेंडेड सर्व्हिससाठी चांगलं आहे, आम्हीही वापरतो, पण डेटासाठी अजिबात वापरू नका. ते आतून प्रॉक्सी आहे. तुम्ही जे फील्ड सेट केलं नाही ते वाचलं की ते एक मॉक फंक्शन देतं. आता समजा कोडमध्ये आहे "जर बिल रद्द असेल तर", आणि तुम्ही रद्द हे फील्ड सेटच केलं नाही. तिथे फंक्शन आलं, फंक्शन म्हणजे ट्रुथी (जावास्क्रिप्ट त्याला खरं धरतं), म्हणजे तुमचं प्रत्येक बिल रद्द. आमच्या एका नवीन मुलीचे पूर्ण दोन दिवस यात गेले, बिचारी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसली होती.

सर्व्हिस मोठी असली तरी आधी हा विचार करा की फंक्शनला पूर्ण सर्व्हिस लागते का. २० मेथड्सची सर्व्हिस घेणारं फंक्शन त्यातली एकच मेथड वापरत असेल तर पॅरामीटरचा टाइप पिक वापरून तेवढाच लिहा. मग मॉक म्हणजे एका मेथडचा साधा ऑब्जेक्ट, लायब्ररी नको, "ॲज" नको, आणि फंक्शन वाचतानाच कळतं त्याला काय लागतं. टेस्ट लिहायला त्रास होतोय तर बऱ्याचदा खरा त्रास कोडमध्येच असतो.

सांगलीकर_फ्रंटएंड

ताई खूप खूप धन्यवाद. फॅक्टरी लिहायला घेतली आणि एका ठिकाणी अडकलोय. आमचं बिल तीन प्रकारचं असतं, कच्चं, पक्कं, रद्द. कच्च्याला नंबर नसतो, पक्क्याला असतो, रद्द असेल तर कारण असतं. टाइप युनियन (या तिन्हींपैकी एक) केलाय, स्थिती या फील्डवरून ओळखतो. पण फॅक्टरीत पार्शल पसरलं की कंपायलर म्हणतो हे कुठल्याच प्रकारात बसत नाही. परत "ॲज" लावावं लागतंय आणि ते लावायची इच्छा नाही. दुसरं म्हणजे आमच्याकडे काही मोठे नमुने जेसन फाइलमध्ये (सर्व्हर पाठवतो त्या मजकुरी स्वरूपात) आहेत, ते इम्पोर्ट केले की स्थिती फील्डवर एरर येते, जेसनमध्ये तर बरोबर लिहिलंय.

आणि डीफॉल्ट डेटासाठी फेकर (खोटा डेटा बनवून देणारी लायब्ररी) वापरू का?

कोडकट्टा_पुणे

युनियनमध्ये कंपायलरचं बरोबर आहे. पार्शलमधून कोणी "रद्द" पाठवलं आणि कारण दिलंच नाही तर? ते बिल खरंच कुठल्याच प्रकारात बसत नाही. तीन फॅक्टऱ्या करा, बनवाकच्चं, बनवापक्कं, बनवारद्द, समान फील्ड्स एका छोट्या फंक्शनमध्ये. टेस्टपण वाचायला छान होतात. आणि स्थिती हे फील्ड पार्शलमधून ओमिट करून (वगळून) टाका म्हणजे कोणी पक्क्याला रद्द करू शकणार नाही.

जेसनचं असं आहे की इम्पोर्ट केलेल्या जेसनमध्ये "पक्कं" ही व्हॅल्यू टाइपस्क्रिप्ट नुसती स्ट्रिंग म्हणून धरतं, तेवढाच ठराविक शब्द म्हणून नाही. म्हणून युनियनशी जुळत नाही. नमुना टीएस फाइलमध्ये हलवा आणि शेवटी "सॅटिस्फाइज इन्व्हॉइस" लिहा. हे टाइपस्क्रिप्ट ४.९ मध्ये आलं, २०२२ साली. "ॲज" सारखं दिसतं पण उलटं आहे, ते काहीच दडपत नाही, एखादं फील्ड कमी असेल तर लगेच सांगतं, स्पेलिंग चुकलं तरी सांगतं.

फेकर वापरा पण सीड (सुरुवातीचा आकडा, ज्यामुळे दर वेळी तोच डेटा येतो) ठरवून द्या, नाहीतर एखाद्या रात्री सीआय पडेल आणि सकाळी परत चालवलं की पास होईल, आणि तो डेटा परत कधी सापडणार नाही. आणि पॅकेज घेताना फेकर-जेएस या संस्थेखालचं घ्या. मूळ पॅकेज २०२२ च्या जानेवारीत त्याच्या लेखकानेच रिकामं केलं, त्यानंतर लोकांनी मिळून हे नवीन चालवलंय. पण मनापासून सांगू का, बिलासारख्या गोष्टीला मी फेकर वापरणार नाही. राज्य वेगळं, पिनकोड तिसऱ्याच गावाचा, जीएसटीआयएन कसलातरी. ताई म्हणतात तसं ठरलेला, आपसात जुळणारा डेटा चांगला. टेस्ट पडली की आकडा बघून लगेच ओळखता येतं हे आपलंच डीफॉल्ट बिल.

अमेरिकेतून_एक

सगळ्यांचं वाचलं, छान चाललंय, एकच भर घालतो. तुम्ही फॅक्टरी कितीही नीट लिहिली तरी ती तुमच्या टाइपशी जुळते, सर्व्हरशी नाही. टाइप हाताने लिहिलेला असेल तर तोच चुकीचा असू शकतो. सगळ्यात नेहमीचं उदाहरण तारीख. टाइपमध्ये लोक डेट लिहितात, फॅक्टरीत नवीन डेट बनवतात, टेस्ट हिरव्या, आणि जेसनमधून येते ती मात्र स्ट्रिंग, जेसनमध्ये तारखेचा प्रकारच नाही. प्रॉडवर पहिल्याच गेटफुलइयरला फुटतं. तसंच नल. सर्व्हर नल पाठवतो, टाइप म्हणतो फील्ड ऑप्शनल आहे, दोन्हींत फरक आहे.

म्हणून टाइप सर्व्हरकडून घ्या. बॅकएंड ओपनएपीआयचं वर्णन (सर्व्हर काय घेतो-देतो याची ठराविक स्वरूपातली माहिती) देत असेल तर त्यातून ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्टने टाइप बनवून घेता येतात, हाताने लिहायचेच नाहीत. नसेल तर झॉडमध्ये (डेटा चालताना तपासणारी लायब्ररी) स्कीमा लिहा, टाइप त्यातूनच इन्फर करा, आणि रिस्पॉन्स आल्या आल्या पार्स करा. मग एक टेस्ट अशी लिहा जी फॅक्टरीतून आलेलं डीफॉल्ट बिल त्याच स्कीमातून पार्स करून बघते. दोन ओळींची टेस्ट आहे पण जीएसटीआयएनची १५ अक्षरं, रक्कम शून्याच्या वर, अशा ज्या गोष्टी टाइपला सांगता येत नाहीत त्या ती सांभाळते. नेटवर्कचे मॉक एमएसडब्ल्यूने (सर्व्हरच्या जागी खोटी उत्तरं देणारी लायब्ररी) करत असाल तर तिथेही हँडलरला रिस्पॉन्सचा टाइप देता येतो, तो द्या, आणि आत त्याच फॅक्टऱ्या वापरा.

आणि राज्याबद्दल. दोन्ही फील्ड्स स्ट्रिंग का आहेत? राज्य कोडचा टाइप करा ज्यात ठराविक व्हॅल्यू, "२७", "३०" वगैरे. अक्षरी कोडचा वेगळा, "एमएच", "जीए". मग तुम्ही ती तुलना लिहिली की कंपायलर तिथेच सांगेल की या दोन टाइपमध्ये एकही समान व्हॅल्यू नाही, ही तुलना चुकून झालेली दिसते. एरर नंबर २३६७. टेस्टपर्यंत जायची वेळच आली नसती.

टेस्टवाली_नाशिक

@अमेरिकेतून_एक हे राज्य कोडचं मला सुचलं नव्हतं, आमच्याकडे पण करते उद्याच. तुमच्यामुळे आठवलं म्हणून एक बारीक भोक सांगून ठेवते. पार्शलमध्ये कोणी मुद्दाम "ग्राहक अनडिफाइन्ड" असं लिहून पाठवलं तर कंपायलर चालू देतो, आणि पसरताना तो अनडिफाइन्ड डीफॉल्टच्या डोक्यावर बसतो. रिटर्न टाइप म्हणतो ग्राहक आहे, प्रत्यक्षात नाही. टाइपस्क्रिप्ट ४.४ पासून एक्झॅक्टऑप्शनलप्रॉपर्टीटाइप्स नावाचा पर्याय आहे, तो लावला की हे बंद होतं. जुन्या कोडवर लावलात तर पुष्कळ एरर येतील, सावकाश करा.

सांगलीकर_फ्रंटएंड

अपडेट देतोय, दहा दिवस झाले.

२१२ पैकी २१२ एरर संपल्या. पहिले दोन दिवस फक्त फॅक्टऱ्या लिहिल्या, इन्व्हॉइसच्या तीन, ग्राहक, विक्रेता, मालाची ओळ. नंतर जी टेस्ट फाइल हातात येईल तिच्यातले "ॲज" काढत गेलो. काढता काढता आणखी दोन खरे बग सापडले, एक सूट दिलेल्या ओळीचा, मॉकमध्ये सूट हे फील्डच नसायचं त्यामुळे करपात्र रक्कम सूट वजा न करता काढली जातेय हे कधी दिसलंच नाही. हा प्रॉडवर पोचण्याआधी सापडला. दुसरा किरकोळ होता, पीडीएफमध्ये पत्त्याची दुसरी ओळ.

राज्य कोडचा टाइप केला त्या क्षणी माझ्या जुन्या तुलनेवर बरोबर २३६७ नंबरची एरर आली (दुरुस्ती करण्याआधीचा कोड परत आणून मुद्दाम बघितलं). लीडला बोलावून ती स्क्रीन दाखवली. ते दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले की ही पायरी सीआयमध्ये आजच टाक.

ईएसलिंटमध्ये (कोड लिहायचे नियम तपासणारं टूल) टाइपस्क्रिप्टचा कन्सिस्टंट-टाइप-असर्शन्स नियम लावलाय, ऑब्जेक्ट लिहून त्यावर "ॲज" लावायला बंदी. "ॲज कॉन्स्ट" चालतं. फक्त "ॲज अननोन ॲज इन्व्हॉइस" असं दुहेरी लिहिलं तर ते त्यातून निसटतं, ते सध्या रिव्ह्यूत बघतोय.

एकच प्रश्न उरलाय. काही टेस्ट अशा आहेत की मुद्दाम खराब डेटा द्यायचा आहे, म्हणजे सर्व्हरने जीएसटीआयएन पाठवलाच नाही तर स्क्रीन काय दाखवते. तिथे "ॲज" शिवाय कसं करायचं?

अमेरिकेतून_एक

खराब डेटा कंपोनंटपर्यंत पोचूच नये, तो पार्सिंगलाच अडला पाहिजे, आणि तुमचं पार्स करणारं फंक्शन अननोन घेत असेल. अननोनला काहीही देता येतं, "ॲज" ची गरजच नाही. टेस्ट त्या फंक्शनची लिहा. आणि पार्सिंग फसल्यावर स्क्रीन काय दाखवते ते बघायचं असेल तर एमएसडब्ल्यूच्या त्या एका हँडलरला टाइप न देता खराब जेसन पाठवा.

टेस्टवाली_नाशिक

हो, आणि कुठे अगदीच पर्याय नसेल तर त्या ओळीवर "टीएस-एक्स्पेक्ट-एरर" लिहा, शेजारी कारण लिहा. "टीएस-इग्नोर" नको. एक्स्पेक्ट-एररचा फायदा असा की उद्या ती ओळ चुकीची राहिली नाही, म्हणजे टाइप बदलून जीएसटीआयएन ऑप्शनल झाला, तर कंपायलर उलट विचारतो की इथे एरर अपेक्षित होती ती कुठे गेली.

त्या काकांच्या मुलीला कळवलंत का, की परत असं होणार नाही म्हणून?

सांगलीकर_फ्रंटएंड

कालच फोन केला ताई. त्यांनी एक विचारलं, एसईझेडला (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकाला) बिल केलं तर काय येतं. तिथे दोघंही महाराष्ट्रात असले तरी आयजीएसटी लागतो, आणि आमच्या टाइपमध्ये ग्राहक एसईझेडमधला आहे की नाही हे फील्डच नाहीये. आज तेच घेतलंय.